रंग सोडून सांग

"तारदाळे, हे हृदय आहे की चिंचेची चटणी?"

काझी मॅडमनी जर्नल उंच धरलं आणि सगळ्या प्रयोगशाळेला दिसेल असं फिरवलं. पानावर माणसाच्या हृदयाची आकृती होती. रेषा छापल्यासारख्या स्वच्छ, पण जिथे लाल हवा तिथे तपकिरी आणि जिथे निळा हवा तिथे जांभळा. मॅडमनी पान उलटलं. पुढे जास्वंदीचं फूल होतं. पाकळ्या हिरव्या, पानं विटकरी.

हशा पिकला. सगळ्यात मोठ्यानं बहुतेक मीच हसले असेन.

"दिवाळीआधीची पानं बरोबर रंगवलीयत," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे येत नाही असं नाही. मग ही चेष्टा कशासाठी?"

बसवराज तारदाळे टेबलापाशी उभा होता. उंच, किडकिडीत, नखांच्या कडांना कायम कसला तरी रंग लागलेला. त्यानं जरा विचार करून उत्तर दिलं, "बहीण मावशीकडं गेली होती, मॅडम."

आता तर मुलांनी बाक बडवले. त्याला काय म्हणायचं होतं ते कुणाच्याच लक्षात आलं नाही, मॅडमच्यासुद्धा.

"जर्नल पहिल्यापासून नवीन लिहायचं," त्या म्हणाल्या. "ते नीट होईपर्यंत माझी सही मिळणार नाही. आणि सही नाही तर फेब्रुवारीत प्रॅक्टिकलला बसता येणार नाही, हे तुझं तू बघ." मग त्यांची नजर फिरत फिरत माझ्यावर थांबली. "मगदूम, तू याला आकृत्या शिकव. दोघांनी मिळून अभ्यास करा."

ही त्र्याण्णव सालातली गोष्ट. इचलकरंजीत मी बारावी सायन्सला होते, आणि माझ्या जीवशास्त्राच्या वह्या सगळ्या कॉलेजात नावाजलेल्या होत्या. पुण्याच्या काकांनी मला चोवीस स्केचपेनांचा डबा आणून दिला होता. प्रत्येक अवयवाचा रंग मी ठरवून टाकला होता. जठर नारिंगी, यकृत चॉकलेटी, मज्जातंतू पिवळे, मूत्रपिंडातल्या नळ्या पोपटी. व्याख्यांखाली गुलाबी रेघ, अपवादांखाली जांभळी. परीक्षेआधी मुली माझ्या वह्या उसन्या न्यायच्या आणि परत देताना, "शर्मिला, वही आहे की दागिना गं?" असं म्हणायच्या. त्यामुळे मॅडमनी माझी निवड केली याचं मला मुळीच नवल वाटलं नाही.

पहिल्या रविवारी मी स्केचपेनांचा डबा घेऊन बसूच्या घरी गेले. घराच्या मागेच त्यांचा सूत रंगवण्याचा छोटा कारखाना होता. परसात बांबूंवर रंगीत सुताच्या ओल्या लडी वाळत टाकलेल्या असायच्या आणि हवेला एक उग्र वास असायचा. आम्ही स्वयंपाकघराला लागून असलेल्या सोप्यात बसलो. त्याच्या आईनं, महानंदा काकूंनी, आल्या आल्या माझ्या पुढ्यात शेंगापोळी ठेवली.

"हे बघ, सोपं आहे," मी म्हणाले. "मी सांगते तो रंग घे आणि भर. इथे लाल."

त्यानं डब्यावरून हात फिरवला आणि हिरवं पेन उचललं.

"लाल म्हटलं मी."

त्यानं ते ठेवून तपकिरी घेतलं.

"बसू, इथे पण चेष्टा?"

"चेष्टा नाही गं." त्याचे कान लाल झाले होते. "तू एक काम कर. रंग सोडून सांग. हा कप्पा काय करतो ते सांग."

"काय करतो म्हणजे? हा उजवा कप्पा. निळा."

"निळा ते कळलं. पण याची भिंत पातळ आणि डावीकडची जाड. असं का?"

मला माहीत नव्हतं. माझ्या वहीत डावी भिंत जाड काढलेली होती, कारण पुस्तकात ती तशी होती. मी म्हणाले, "ते परीक्षेला विचारत नाहीत."

तेवढ्यात आतून, भाकरी थापता थापता, काकू म्हणाल्या, "अरे, डावीकडच्याला लांब ढकलायचं असंल रक्त. पार पायापर्यंत. तूच नव्हतास का परवा सांगत?"

"हां, आणि उजवीकडच्याला शेजारीच, फुप्फुसापर्यंत," बसू म्हणाला. "कमी काम, पातळ भिंत."

चौथी शिकलेल्या काकूंना जे माहीत होतं ते मला माहीत नव्हतं, याचा मला राग आला. डबा उचलून मी घरी निघून आले. पुढचे दोन-तीन रविवार पोट दुखतंय, पाहुणे आलेत, असं काहीबाही सांगून टाळले. बसूनं मॅडमकडे तक्रार केली नाही.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात पूर्वपरीक्षा झाली. जीवशास्त्राच्या पेपरात सायक्लोस्टाइल केलेली एक आकृती होती, मूत्रपिंडातल्या नळीची. सहा बाण आणि सहा रिकाम्या जागा. मी आकृतीकडे बघत राहिले. ती काळ्या शाईत होती. तिच्यात माझा पोपटी कुठेच नव्हता. पोपटीच्या वर नारिंगी आणि शेजारी आकाशी असतो, हे मला डोळे मिटूनही सांगता आलं असतं, पण त्या वेड्यावाकड्या काळ्या नळीत कुठला भाग काय करतो हे काही केल्या आठवेना. आठवायला ते मुळात डोक्यात शिरलेलंच नव्हतं. पुढचा प्रश्न कानाच्या आकृतीचा होता. तिथेही तेच झालं.

ऐंशीपैकी मला एकेचाळीस मिळाले. बसूला अडुसष्ट.

मॅडमनी मार्क वाचले तेव्हा सगळा वर्ग वळून माझ्याकडे बघायला लागला. त्या दिवशी मी डबा खाल्ला नाही. घरी आईनं विचारलं तेव्हा पेपर अजून तपासायचे आहेत म्हणून सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी कॉलेज सुटल्यावर थेट तारदाळ्यांच्या सोप्यात जाऊन बसले.

"तू अभ्यास कसा करतोस?" मी विचारलं. विचारताना इतकी लाज वाटत होती की मी त्याच्याकडे न बघता भिंतीकडे बघत होते.

बसूनं मला हिणवलं असतं तर ते मला सोपं गेलं असतं. त्यानं सुताच्या गठ्ठ्यांतून निघालेला खाकी कागद अंथरला आणि शिसपेन्सिल माझ्या हातात दिली. "पुस्तक मीट. काल वाचलेलं काय आठवतंय तेवढं काढ."

"काहीच नाही आठवत."

"जेवढं आठवतंय तेवढंच काढ की. राहिलेलं कुठं राहिलं ते दिसतंय मग."

मी काढलं. एक घेवड्याच्या बीसारखा आकार आणि त्यातून निघालेली एक नळी. इतकंच. त्याखालचा सगळा कागद रिकामा.

"बास. आता आईला समजावून सांग," तो म्हणाला.

"काकूंना?"

"ती सोडत नाही कुणाला. बघ तू."

काकू डाळ धूत होत्या. मी त्यांच्यापुढे पाटावर बसले आणि पुस्तकी भाषेत सुरू केलं. दुसऱ्याच वाक्याला त्यांनी हात वर केला. "थांब बाई. मूत्रपिंड म्हंजे गाळणी, एवढं मला ठावं हाय. पण रक्त गाळलं तर चांगलं पण जाईल की खाली. मग माणूस वाळून नाही का जायाचा?"

मी बसूकडे बघितलं. तो छताकडे बघत होता.

मी परत जाऊन पुस्तक उघडलं आणि पहिल्यांदाच ते पान वाचलं. याआधी मी ते फक्त रंगवलं होतं. आधी सगळंच खाली सोडलं जातं. मग पुढच्या नळीत पाणी, साखर, हवं ते सगळं परत रक्तात ओढून घेतलं जातं, आणि नको ते तेवढं पुढे जातं. मी काकूंकडे येऊन हे सांगितलं तेव्हा त्यांनी परातीतल्या पाण्याबरोबर वाहून गेलेले डाळीचे चार दाणे वेचून परत पातेल्यात टाकले. "असं?" त्या म्हणाल्या.

"असंच!" मी ओरडलेच.

"मग पुस्तकात एवढं अवघड करून का लिवतात?"

त्या महिन्यात मी स्केचपेनांचा डबा उघडला नाही. रोज संध्याकाळी दीड तास आम्ही सोप्यात बसायचो. न बघता काढायचं, चुकलेलं पुस्तकात शोधायचं, मग काकूंच्या तावडीत जायचं. काकूंना पटलं नाही तर धडा पुन्हा. कधी त्या मुद्दाम चुकीचं बोलायच्या आणि मी मान डोलावली की म्हणायच्या, "पकडली की नाही!" तीन दिवसांपूर्वीचं त्या अचानक मधेच विचारायच्या, भाजीला फोडणी देता देता. आदल्या दिवशीचं आठवणं सोपं असतं, तीन दिवसांपूर्वीचं आठवलं म्हणजे ते आपलं झालं, असं बसूचं म्हणणं होतं. मला हसू यायचं, पण ते खरं ठरत होतं.

आनुवंशिकतेचं प्रकरण आम्ही शेवटी ठेवलं होतं. पुस्तक इंग्रजीत आणि आम्ही दोघं मराठी माध्यमातून आलेलो, म्हणून मी वाचायची आणि मराठीत सांगायची, असं ठरलेलं होतं. त्या दिवशी मी वाचत होते, "काही माणसांना तांबडा आणि हिरवा हे रंग वेगळे ओळखता येत नाहीत. हा दोष आईकडून मुलाकडे येतो. आईला स्वतःला मात्र..."

"परत वाच," बसू म्हणाला.

मी परत वाचलं.

"वेगळे ओळखता येत नाहीत म्हणजे? तुला येतात?"

"सगळ्यांनाच येतात, बसू."

"कुणाला न विचारता? नुसतं बघून?"

"नुसतं बघून."

त्यानं पुस्तक ओढून घेतलं आणि ती ओळ स्वतः वाचली. मग म्हणाला, "मला वाटायचं तुम्ही सगळ्यांनी ते पाठ केलंय. पहिलीत बाईंनी रंग शिकवले तेव्हा मला गोवर आला होता. मला वाटलं, तेवढा एकच धडा माझा राहिला."

मी त्याला हाताला धरून परसात नेलं. बांबूवर लाल लडींची रांग होती आणि मधेच तीन लडी गर्द हिरव्या. "यातल्या वेगळ्या कुठल्या?"

त्यानं डोळे बारीक केले, मोठे केले, पुढे गेला, मागे आला. "सगळ्या एकच की. वासानं सांगू का? ह्या तिघींचा वास वेगळा येतोय."

"वासानं नको. बघून सांग."

"बघून नाही सांगता येत."

मग त्याच्या चेहऱ्यावर जे हसू पसरलं तसं मी पुन्हा कुणाच्या चेहऱ्यावर पाहिलं नाही. तो बांबूला धरून हसत सुटला. "म्हंजे मी बावळट नाही! शर्मिला, मी बावळट नाही! आई, इकडं ये आधी!"

काकू ओल्या हातांनी बाहेर आल्या. आम्ही दोघांनी मिळून त्यांना सांगितलं, एकमेकांना तोडत, अर्धं पुस्तकातलं, अर्धं लडींवरून. काकूंनी या खेपेला एकही प्रश्न विचारला नाही. त्या कट्ट्यावर टेकल्या आणि दोन वर्षांपूर्वीची गोष्ट सांगू लागल्या. कारखान्यातल्या रंगाच्या डब्यांवरची लेबलं पाण्यानं निघून गेली होती. एका लग्नाच्या साड्यांचं लाल सूत रंगवायचं होतं, आणि बसूनं हिरव्याचा डबा टाकीत ओतला. त्याच्या वडिलांनी कामगारांसमोर त्याच्या थोबाडीत मारली होती. तेव्हापासून बापलेक कामापुरतंच बोलत होते. जर्नल रंगवताना बहीण पेन्सिली हातात द्यायची, म्हणून तिथे कुणाला कधी कळलं नाही.

"तुमच्याकडे असं आणखी कुणी आहे का, काकू?" मी विचारलं. "तुमच्या वडिलांना?"

काकूंनी तोंडावर हात ठेवला. "अगं बाई. आज्जा!"

निपाणीचे आज्जा, काकूंचे वडील, तरुणपणी तंबाखूच्या वखारीत कामाला लागले होते. पानांच्या रंगावरून प्रत लावायचं काम. पंधरा दिवसांत मुकादमानं त्यांना काढून टाकलं. कामचुकार म्हणून गावभर नाव झालं. मग त्यांनी आयुष्यभर काट्यावर वजनं केली. पुढे त्यांचाच मुलगा, म्हणजे बसूचा मामा, त्याच वखारीत प्रत लावण्यात पटाईत निघाला. तेव्हा लोक म्हणायला लागले, बघा, पोराला जमतं, बापानं मात्र अंग चोरलं.

"मग हे बसणार नाही," मी हिरमुसले. "आज्जांना असेल तर मामालाही यायला हवं होतं."

"नाही, नाही," बसूनं खाकी कागद ओढला. "हे ज्याच्यावर बसून येतंय तो भाग पोराला आईकडूनच मिळतो. बापाकडून मिळतच नाही. म्हंजे आज्जाकडून मामाला येणारच नाही. आईला मात्र येणारच. आणि आईकडून मला." तो भराभर काढत होता. बायांसाठी गोल, पुरुषांसाठी चौकोन. ज्याला दोष आहे त्याचा चौकोन काळा भरलेला. आज्जा काळे. मामा रिकामा. काकूंच्या गोलाच्या मधोमध एक ठिपका, म्हणजे स्वतःला रंग नीट दिसतात, पण दोष पुढे नेणारी. बसू काळा. पुस्तकातली आकृती आणि तारदाळ्यांचं घर तंतोतंत जुळलं.

तो तोंडी परीक्षेत इतका बरोबर बोलला असता तर मॅडमनी पैकीच्या पैकी दिले असते.

वडिलांना सांगायचं मात्र त्याच्या जिवावर आलं. ते आपोआप घडलं. बसूनं नवं जर्नल फक्त शिसपेन्सिलीनं पूर्ण केलं. दुसऱ्याच्या डोळ्यांनी आता रंगवणार नाही, म्हणाला. ते बघून मॅडमनी वडिलांना बोलावणं धाडलं. शिवाप्पा तारदाळे तणतणत प्रयोगशाळेत आले. मागून काकू आल्या. बसूनं खाकी कागद टेबलावर पसरला आणि सुरुवातीपासून सगळं सांगितलं. त्यात त्याची एकही गोष्ट चुकली नाही.

काझी मॅडम मधेच खुर्चीत बसल्या. "बहीण मावशीकडे गेली होती," त्या स्वतःशीच म्हणाल्या आणि त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला.

शिवाप्पांना मात्र पटलं नाही. "पोरांनी पुस्तकातलं काढलंय काहीतरी," ते म्हणाले. "आणि म्हंजे, हे तुझ्या माहेरचं, असं म्हणायचंय काय यांना?"

"व्हय, माझ्या माहेरचंच," काकू म्हणाल्या. "अडुसष्ट मार्क पण तिकडचेच. आता डोळ्यांच्या डॉक्टरकडं चला. आणि ही पोरगी पण येऊ दे. तिनं शोधलंय."

डॉक्टरांकडे एक पुस्तक होतं. प्रत्येक पानावर रंगीत ठिपक्यांचं वर्तुळ, आणि ठिपक्यांतच लपलेला एक आकडा. डॉक्टरांनी पहिलं पान बसूपुढे धरलं. शिवाप्पा त्याच्या खुर्चीमागे उभे होते.

"कुठला आकडा दिसतो?"

"आकडा आहे यात?" बसूनं विचारलं.

"अरे, आठ की!" शिवाप्पा म्हणाले. "एवढा मोठा आठ!"

डॉक्टरांनी पान उलटलं. बसू पुढे वाकला.

"पाच. बसू, पाच हाय बघ. ते काय, मधोमध."

पुढचं पान. "सहा," शिवाप्पा म्हणाले, पण या वेळी हळू. मग त्यांनी खाली वाकून, बसूच्या डोक्याशेजारी डोकं आणून, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून ते पान पाहिलं. बोटानं आकडा गिरवला. "इथून असा वळतोय. दिसत नाही व्हय तुला?"

"ठिपके दिसतात, आप्पा. नुसते ठिपके."

शिवाप्पांनी पुढची पानं वाचली नाहीत. बसूच्या खांद्यावर हात ठेवला, तो तपासणी संपेपर्यंत काढला नाही. बाहेर आल्यावर डॉक्टरांनी दिलेला कागद त्यांनी खिशात घातला आणि रस्त्याकडे बघत बसूला म्हणाले, "त्या दिवशी तू मला सांगितलंस का नाहीस?"

"मलाच माहीत नव्हतं, आप्पा."

"व्हय," ते म्हणाले. "खरं हाय." जरा चालून गेल्यावर ते थांबले. "मारायला नको होतं मी."

पुढच्या वेळी मी कारखान्यात गेले तेव्हा रंगाच्या प्रत्येक डब्याच्या कडीला सुताची दोरी बांधलेली होती आणि दोरीला गाठी. लालला एक, हिरव्याला दोन, पिवळ्याला तीन. शिवाप्पा कामगारांना सांगत होते की डबा उचलताना सगळ्यांनी गाठी मोजायच्या, फक्त बसूनं नव्हे.

जर्नलवर मॅडमनी सही केली. शिवाप्पांनी त्यांना विचारलं होतं की याला रंग दिसत नाही तर विज्ञान कसं जमणार. मॅडमनी त्यांना सूक्ष्मदर्शकातून देठाचा एक पातळ काप दाखवला. त्यात लाल नळ्या होत्या आणि हिरव्या नळ्या. "सुंदर दिसतंय," शिवाप्पा म्हणाले. रंगारी माणूस ते.

"हा रंग झाडात नसतो," मॅडम म्हणाल्या. "आम्ही बाटलीतून लावतो. ज्यांना आकार लवकर दिसत नाही त्यांच्यासाठी. तुमच्या मुलाला आकार दिसतो."

हे बोलताना त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, पण मी मनातल्या मनात खूप हसले.

जूनमध्ये निकाल लागला. आम्हा दोघांचंही चांगलं झालं. मी पुढे फिजिओथेरपी शिकले, बसू वनस्पतिशास्त्राचा प्राध्यापक झाला. पण मला त्या सगळ्यापेक्षा निकालाच्या आधीचा, एप्रिलमधला एक दिवस जास्त आठवतो. परीक्षा संपल्यावर काकूंनी हट्ट धरला की आज्जांना हे सांगायलाच पाहिजे, आणि सांगायचं ते नीट, आकृती काढून. बसू, त्याची बहीण, काकू आणि मी, असे आम्ही एसटीनं निपाणीला गेलो.

आज्जा ऐंशीच्या पुढचे होते. डोक्याला रुमाल, खणखणीत आवाज. वखारीसमोरच्या चिंचेखाली बाजेवर बसले होते. बसूनं त्यांच्यापुढे कागद पसरला. मी पहिल्यांदा काकूंना पाठ सांगितला होता त्याहून कितीतरी चांगलं त्यानं सांगितलं. एकही इंग्रजी शब्द न वापरता, डोळ्यांच्या आतल्या पडद्यापासून वखारीतल्या पंधरा दिवसांपर्यंत.

आज्जांनी सगळं ऐकून घेतलं. "परत सांग," म्हणाले. बसूनं परत सांगितलं.

"म्हंजे मी अंग चोरत नव्हतो?"

"नाही, आज्जा. तुम्हाला ती पानं वेगळी दिसतच नव्हती."

"साठ वर्षं होऊन गेली," आज्जा म्हणाले. "मलाच वाटायचं, आपण मन लावून बघत नसू. रोज सकाळी देवाला सांगून जायचो, आज नीट बघीन. दुपारी पुन्हा शिव्या." त्यांनी रुमालाच्या टोकानं डोळे पुसले. काकू पुढे झाल्या, तर त्यांनी हातानं थांबवलं आणि एकदम हसायला लागले. "तो मुकादम मरून गेला गं. हे ऐकायला तरी राहायचं होतं त्यानं!"

मग त्यांनी वखारीच्या दिशेनं हाका मारायला सुरुवात केली. "अरे सिद्धाप्पा! ए तुका! या रे सगळी इकडं!" त्यांच्याच वयाची चार-पाच म्हातारी माणसं काठ्या टेकत आली. मामा हातातलं काम टाकून आला. दोन बायका घागरी घेऊन थांबल्या. बसू पुन्हा समजावायला उभा राहिला, पण आज्जांनी त्याच्या हातातून कागद काढून घेतला.

"तू थांब. मी सांगतो," ते म्हणाले.

आणि त्यांनी सांगितलं. थोडं चुकलं, थोडं पुढेमागे झालं, तेव्हा बसू हळूच दुरुस्त करायचा आणि आज्जा, "तेच ते," म्हणून पुढे जायचे. सिद्धाप्पा म्हणून त्यांचे जुने सोबती होते, ते कागदावर वाकून म्हणाले, "ह्यात तू कुठला रे?"

आज्जांनी सगळ्यात वरच्या चौकोनावर बोट ठेवलं.

"हा बघ. ह्यो भरलेला, काळा. ह्यो मी." त्यांनी मान वर करून सगळ्यांकडे पाहिलं. "आणि काळा मला बरोबर दिसतोय बरं का."